दिवा कोणासाठी लावायचा? माझगावच्या गॅसबत्तीपासून टेकडीवरच्या फ्लडलाइटपर्यंत

पुण्याच्या टेकड्यांवर फ्लडलाइट लावायचे की नाही, हा वाद अजून संपलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला, अख्खं शहर हादरलं. त्यानंतर पोलिसांनी शहरातल्या टेकड्या आणि घाटांसाठी कॅमेरे, फ्लडलाइट वगैरेंची योजना मांडली. एका बाजूला पालक विचारतायत, आमच्या मुलींनी संध्याकाळी टेकडीवर जायचं की नाही? दुसऱ्या बाजूला टेकडीवाले म्हणतायत, टेकडीचं स्टेडियम करू नका, तिथे मोर, घुबडं, वटवाघळं राहतात. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच हा वाद नुसत्या घोषणांनी मिटणारा नाही.

पण या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरून चाललेली दिसते. दिवा म्हणजे दिवा. एक तर लावायचा, नाहीतर नाही लावायचा. सार्वजनिक दिव्यांचा इतिहास थोडा उलगडून पाहिला तर कळतं की हे कधीच असं नव्हतं. कुठला दिवा, किती उजेडाचा, कुठल्या रंगाचा, किती वाजेपर्यंत, हे प्रत्येक पिढीने ठरवलंय. फक्त ठरवताना हिशेब पैशाचा आणि शोभेचा झाला. रात्री जागणाऱ्या जीवांच्या वाट्याला जे आलं ते योगायोगाने आलं, कधी बरं, कधी वाईट. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

सुरुवात मुंबईपासून करू, कारण आपल्याकडची ही गोष्ट तिथून सुरू होते. आणि गंमत म्हणजे ती रस्त्यावर सुरू होत नाही, एका बागेत सुरू होते. माझगावला अर्देशीर खरशेटजी वाडिया नावाचे जहाजबांधणी करणारे पारशी गृहस्थ राहायचे. हेच पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांनी १८३४ च्या सुमारास स्वतःचा बंगला आणि भोवतालची बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. बघायला खुद्द गव्हर्नर आले. म्हणजे आपल्याकडे नव्या उजेडाचा पहिला मान झाडांना मिळाला, आणि तो पाहुण्यांना दाखवण्यासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे जी-२० च्या वेळी उपयोगी पडेल.

सामान्य मुंबईकराच्या वाट्याला रस्त्यावर दिवा आला तो १८४३ मध्ये, आणि तोही तेलाचा. दहा वर्षांनीसुद्धा अख्ख्या शहरात असे दिवे पन्नासच्या आसपास होते. मग ऑक्टोबर १८६५ मध्ये एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजारात गॅसबत्त्या लागल्या. बत्तीवाला एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे निघाला की मागून बघ्यांचा घोळका, असं वर्णन मुंबईच्या जुन्या गॅझेटियरमध्ये येतं.

हा बत्तीवाला आपल्या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस आहे. प्रत्येक दिवा हाताने लावायचा आणि हाताने विझवायचा म्हणजे प्रत्येक तासाला खर्च. त्यामुळे त्या काळी युरोप-अमेरिकेतल्या कित्येक शहरांनी साधा हिशेब केला होता. चांदणं असेल त्या रात्री दिवे लावायचेच नाहीत. कंत्राटात चंद्राचं वेळापत्रक जोडलेलं असायचं! मध्यरात्रीनंतर दिवे विझवणंही कित्येक ठिकाणी चाले. कुणाला वटवाघळांची काळजी होती म्हणून नव्हे, तेल आणि गॅस महाग म्हणून. पण परिणाम असा की शहरातल्या रात्रीचा मोठा भाग खरोखर रात्रच राहायचा. शिवाय गॅसची ज्योत पिवळट, मंद. खांबापासून दहा पावलं लांब गेलं की अंधार.

वीज आली आणि हे बदललं. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी झगमगलं. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने ते काम घेतलं होतं. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर गेलं. योगायोग असा की कंपनी बुडाली त्याच वर्षी, १८८३ मध्ये, मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. म्हणजे वीज आणि निसर्ग-अभ्यास मुंबईत जवळजवळ एकाच वेळी आले, पण त्यांची एकमेकांशी गाठ पडायला शंभरावर वर्षं जावी लागली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, तीच आजची आपली बेस्ट. विजेचा दिवा बटणाने लागतो, एकदम शंभर लागतात, आणि रात्रभर चालू ठेवायला वेगळा माणूस लागत नाही. बत्तीवाला गेला, आणि त्याच्याबरोबर 'किती वाजता विझवायचा' हा प्रश्नही गेला.

उजेडाने प्राण्यांना त्रास होतो हे कुणाला माहीतच नव्हतं असं मात्र नाही. दीपगृहांच्या रखवालदारांना ते पूर्वीपासून ठाऊक होतं. स्थलांतराच्या दिवसांत, धुक्याच्या रात्री पक्षी थव्याने येऊन दीपगृहाच्या काचांवर आपटायचे. विल्यम ईगल क्लार्क नावाचा पक्षिशास्त्रज्ञ तर १९०१ मध्ये महिनाभर इंग्लंडच्या एडीस्टोन दीपगृहावर जाऊन राहिला, केवळ हे बघायला. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की झाडं दिवस-रात्रीची लांबी मोजतात आणि त्यावरून फुलायचं कधी ते ठरवतात. पुढे कळलं की झाडाला खरा हिशेब लागतो तो सलग अंधाराचा. आणि १९३६ मध्ये एडविन मॅट्झके यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचं एक निरीक्षण छापलं. शरद ऋतूत काही जातींच्या झाडांची पानं सगळीकडची गळून गेली, पण रस्त्याच्या दिव्याजवळच्या फांद्यांवरची पानं हिरवीच राहिली. एकाच झाडाच्या एका बाजूला हिवाळा आलाय आणि दुसऱ्या बाजूला आलाच नाही! नव्वद वर्षं होत आली याला. शहरातल्या झाडांवर दिव्याचा परिणाम होतो की नाही, असं कुणी आज विचारलं तर त्याला हे सांगावं.

मग पाऱ्याच्या वाफेचे दिवे आले, मर्क्युरी व्हेपर. निळसर पांढरा उजेड. आपल्याकडच्या शहरांतही ते अनेक वर्षं होते, पन्नाशी-साठीतल्या मंडळींना आठवत असतील. पहिल्या पावसानंतर त्या खांबाखाली वाळवीच्या पंखवाल्या किड्यांचा सडा पडायचा, आणि खाली पाली, बेडूक, कधीकधी एखादा पिंगळा अशी पंगत बसायची. त्या दिव्यावर इतके किडे का यायचे? कारण त्यातून अतिनील किरणही बाहेर पडतात, आणि कीटकांचे डोळे त्यालाच सर्वात जास्त दाद देतात. १९५० मध्ये रॉबिन्सन बंधूंनी इंग्लंडमध्ये पतंग पकडण्याचा एक सापळा तयार केला. अतिशय परिणामकारक, आजही त्याचं नाव निघतं. त्यात त्यांनी वापरला होता मर्क्युरी व्हेपरचाच दिवा. म्हणजे बघा, कीटकशास्त्रज्ञ ज्याला सापळा म्हणत होते, तीच वस्तू नगरपालिका दर तीस-चाळीस मीटरवर खांबाला लावत होत्या. बागांत, तळ्याकाठी, सगळीकडे.

यानंतर जे झालं तो निव्वळ योगायोग. सोडियमचा दिवा खरं तर १९३२ सालचा. हॉलंडमध्ये बेक ते गेलीन या रस्त्यावर फिलिप्सने तो पहिल्यांदा लावला. त्याचा उजेड जवळजवळ एकाच रंगाचा, गडद पिवळा. त्यात माणसाचा चेहरा आजारी दिसतो आणि लाल गाडी तपकिरी दिसते, म्हणून लोक नाकं मुरडायचे. पण वीज कमी खातो. साठच्या दशकात त्याचा सुधारलेला प्रकार आला, सत्तरच्या दशकात तेल भडकलं, आणि जगभरच्या शहरांनी हळूहळू पांढरे दिवे काढून पिवळे लावले. मरीन ड्राइव्हचा तो सोनेरी 'राणीचा हार' सोडियमचाच. या उजेडात अतिनील भाग नगण्य, निळा भाग फार थोडा, त्यामुळे त्यावर किडे कितीतरी कमी येतात. कुठल्याही अभियंत्याने पतंगांसाठी हे केलं नव्हतं. वीजबिलासाठी केलं, आणि रात्रीच्या जीवांना तीसेक वर्षं थोडी उसंत मिळाली.

ती उसंत एलईडीने संपवली. हे जरा काळजीपूर्वक लिहितो, कारण एलईडी वाईट असं मला म्हणायचं नाही. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ मध्ये नोबेल मिळालं आणि ते रास्तच होतं. वीज वाचते, कोळसा वाचतो. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने रस्त्यावरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यात देशभरात एक कोटीहून जास्त दिवे बदलले गेले. प्रश्न असा की पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळं लेपन देऊन त्याचा पांढरा करतात. त्या वेळी स्वस्त आणि जास्त उजेड देणारा मिळायचा तो थंड पांढरा, ज्यात निळा भाग भरपूर. महापालिकांनी तोच उचलला.

त्याच वर्षी मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आले. आठवतंय ना काय गदारोळ झाला? राज्यात एकत्र सत्तेत असलेले शिवसेना-भाजप यावरून भांडले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी पिवळसर छटेचे एलईडी आले. वाद रंगला तो राणीचा हार सोन्याचा की चांदीचा यावर. दिव्याचा रंग ही लोकांनी मागून घेण्याची गोष्ट आहे, आणि मागितली की मिळते, हे मुंबईने २०१५ मध्ये सिद्ध केलं. फक्त ते सौंदर्यासाठी केलं.

दरम्यान शास्त्रज्ञांकडे पुरावे जमत होते. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही कुरणांत मुद्दाम एलईडीचे रस्त्यावरचे दिवे उभे करून पाहिलं. अंधाऱ्या कुरणांच्या तुलनेत फुलांवर रात्री येणाऱ्या कीटकांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. त्यातल्या एका काटेरी झुडपाला फळंही १३ टक्के कमी धरली, म्हणजे दिवसा येणाऱ्या मधमाश्यांनी ती तूट भरून काढली नाही. २०२१ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या रस्त्याकडेच्या कुंपणझाडीत पतंगांचे सुरवंट मोजले. दिव्याखालच्या झाडीत ते ४७ टक्के कमी, गवतात ३३ टक्के कमी. आणि पांढऱ्या एलईडीखाली परिणाम सोडियमपेक्षा ठळक. सुरवंट कमी म्हणजे पिल्लांना चारा कमी. पिल्लांना सुरवंट भरवणाऱ्या कुठल्याही पक्ष्याला विचारा.

आणि पतंग दिव्यावर झेपावतो ते प्रेमापोटी, ही आपल्या शायरांची लाडकी कल्पना. तिचीही २०२४ मध्ये वाट लागली. वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून संशोधकांनी दाखवलं की कीटक दिव्याकडे जातच नाहीत. ते दिव्याकडे पाठ करतात. लाखो वर्षं रात्रीचं आभाळ हे जमिनीपेक्षा उजळ राहिलेलं आहे, म्हणून उडताना पाठ उजेडाकडे ठेवली की आपण सरळ आहोत, हा त्यांचा ओळंबा. मध्येच खांबावर दिवा आला की तो आभाळ समजून पाठ तिकडे वळवतात, कलतात, आणि घिरट्या घालत अडकतात. दिव्यावर भाळून नव्हे, वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळेनासं होऊन मरतात. मला हे वाचून वाईट वाटलं होतं, शायरीपेक्षा जास्त.

आता तुम्ही विचाराल, मग उपाय काय? लाल दिवे लावा, असं उत्तर हल्ली पटकन मिळतं, आणि ते अर्धवट आहे. हॉलंडमधल्या न्यूकोप या गावात झाउडहुक नावाची छोटी वसाहत आहे, पाणथळ संरक्षित क्षेत्राला लागून. युरोपात सगळ्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे वसाहतीत दिवे लावायचे तर त्यांना बाधा होता कामा नये. त्याआधी डच संशोधकांनी रानात पांढरे, हिरवे आणि लाल दिवे रांगेने उभे करून अनेक वर्षं निरीक्षण केलं होतं. हळू उडणाऱ्या, झाडीत शिकार करणाऱ्या वटवाघळांच्या जाती पांढऱ्या आणि हिरव्या उजेडापासून लांब राहिल्या. लाल उजेडात मात्र अंधारासारख्याच वावरल्या. म्हणून २०१८ मध्ये तिथे लाल एलईडी लागले. लोकांना चालायला पुरेसं दिसतं, वटवाघळं येतात-जातात. पाठोपाठ इंग्लंडमध्ये वुस्टरशायर परगण्यातही एका रानाशेजारच्या रस्त्यावर असे दिवे आले.

पण त्याच हॉलंडमधली दुसरी गोष्ट ऐका. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर रात्री स्थलांतर करणारे पक्षी खेचले जायचे. तिथे प्रयोग केले तर पांढरा आणि लाल उजेड पक्ष्यांना गोंधळवणारा निघाला, हिरव्याने त्रास कमी झाला. म्हणजे वटवाघळाला लाल चालतो, हिरवा नको. स्थलांतरी पक्ष्याला हिरवा चालतो, लाल नको. आणखी एक घोळ. काही चपळ वटवाघळं आणि आपला पिंगळा दिव्याखालच्या किड्यांवर चक्क पोट भरतात, त्यांना पांढरा दिवाही आवडतो. तेव्हा उद्या कुणी व्यापारी 'वन्यजीवस्नेही दिवा' म्हणून एखादा डबा विकायला महापालिकेत आला तर जपून. असा एक सर्वांना मानवणारा रंग नाही. सगळ्यांना मानवणारी एकच गोष्ट, अंधार. बाकी सारं जागा बघून, तिथे कोण राहतं ते बघून ठरवायचं.

हे ठरवायचं कसं, याचे नियम परदेशातून आणायलाही नकोत. ते आपल्याच देशात संमत झालेत. फेब्रुवारी २०२० मध्ये स्थलांतरी प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद गांधीनगरला भरली होती. यजमान भारत. त्या परिषदेने वन्यजीवांसाठी प्रकाश-प्रदूषणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांचा गाभा अगदी घरगुती शहाणपणाचा आहे. सुरुवात अंधारापासून करा आणि गरजेपुरता उजेड त्यात घाला. हवा तिथेच पाडा, हवा तेवढाच ठेवा, नको तेव्हा विझवा किंवा मंद करा, निळा-जांभळा भाग टाळा. फ्रान्सने तर डिसेंबर २०१८ मध्येच सरकारी आदेश काढून सार्वजनिक बागांतले दिवे बाग बंद झाल्यावर तासाभरात बंद करायला लावले. आपल्याकडे कित्येक बागांना रात्री कुलूप लागतं आणि आत दिवे पहाटेपर्यंत ढणढणत असतात. कोणासाठी, हा प्रश्न त्या कुलपालाच विचारावा लागेल.

महाराष्ट्रात होतच नाही असंही नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या चार गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले बसवले. गावं अंधारात गेली नाहीत. उजेड आभाळात सांडायचा, तो रस्त्यावर पडायला लागला एवढंच.

शहरांत मात्र उलटी गंगा. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठका मुंबईत सुरू झाल्या, सुशोभीकरणाची लाट आली, आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना, फांद्यांना एलईडीच्या माळा गुंडाळल्या गेल्या. अर्देशीर शेटचा बंगला आठवा. पाहुणे आले की झाडं उजळायची, हे १८३४ पासून चालत आलंय. फरक एवढाच की अर्देशीर शेटच्या बागेतली बत्ती रात्री कुणीतरी विझवत असणार. इथे पाहुणे गेले आणि माळा महिनोन्‌महिने तशाच राहिल्या, काही ठिकाणी खिळ्यांनी ठोकलेल्या. प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला आणि मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर या महापालिकांना नोटीस काढली. याचिकेचा आधार होता १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा. उजेडाबद्दल आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही, त्यामुळे झाडाच्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो.

आता पुन्हा टेकडीवर येऊ, कारण खरा अवघड प्रश्न तिथे आहे. झाडावरची माळ काढा म्हणणं सोपं आहे, तिच्यामुळे कुणाचाच जीव वाचत नव्हता. सुरक्षेसाठी मागितलेल्या दिव्याचं तसं नाही. आरेतल्या पाड्यांत बिबट्याचे हल्ले झाले तेव्हा तिथल्या बायांनी दिवे मागितले. संडासला जायची वाट अंधारी असेल तर दुसरं काय मागणार? त्यांना 'काजव्यांचा विचार करा' असं सांगायचा अधिकार मला तरी नाही.

पुरावे काय म्हणतात? २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी गृहसंकुलांत प्रखर दिवे लावून पद्धतशीर प्रयोग केला गेला. रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. हा आकडा टेकडीवाल्यांनी लपवू नये. दुसरीकडे, इंग्लंड-वेल्समध्ये ६२ स्थानिक संस्थांच्या भागांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. तिथे पैसे वाचवायला दिवे मध्यरात्रीनंतर बंद केले, मंद केले किंवा पांढरे केले, त्याने गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा सापडला नाही. हा आकडा फ्लडलाइटवाल्यांनी लपवू नये. मला यातून जे दिसतं ते असं: दिवा कामाला येतो तो बघणारे डोळे जवळ असतील तर. गृहसंकुलात शंभर खिडक्या असतात. रात्री अकरा वाजता निर्मनुष्य टेकडीवर फ्लडलाइट लावला तर तो कोण बघणार? त्याखाली उभ्या असलेल्या मुलीचे डोळे दिपतात, आणि झाडीत उभा असलेला माणूस तिला स्वच्छ दिसत नाही, उलट त्याला ती दिसते. प्रखर झोताच्या कडेला अंधार जास्त काळा होतो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आकड्यांचंच बोलायचं तर, लख्ख पौर्णिमेचा उजेड पाव लक्सच्या आसपास भरतो. रस्त्यांच्या दिव्यांसाठीचं आपलं भारतीय मानक, आयएस १९४४ (हा क्रमांक आहे, साल नव्हे), सर्वात कमी वर्दळीच्या गल्लीलाही सरासरी ४ लक्स मागतं, म्हणजे पौर्णिमेच्या पंधरापट. मोठ्या रस्त्याला ३०. टेकडीवरची पायवाट ही गल्लीही नाही. तिला मुख्य वाटेवर, गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळट दिवे पुरतात. संध्याकाळी लोक असेपर्यंत पूर्ण, नंतर मंद, फाटक बंद झाल्यावर बंद. पायथ्याशी, पार्किंगला, रिक्षा थांबते तिथे भरपूर उजेड असू दे, आणि रखवालदार असू दे. बाकी डोंगर, पाणवठे, दाट झाडीचा भाग काळोखात राहू दे. एलईडीला हे सगळं जमतं. सोडियमचा दिवा विझवून लगेच पेटवता येत नसे, एलईडी क्षणात मंद होतो, क्षणात तेजाळतो, माणसाची चाहूल लागली की लागतो. बत्तीवाल्याच्या हातात जे होतं ते दीडशे वर्षांनी परत आलंय. आपण ते विकत घेतलंय आणि रात्रभर फुल्ल चालू ठेवलंय.

हे सगळं ठरतं ते टेंडरमध्ये, सभेतल्या भाषणात नाही. तुमच्या वॉर्डात बागेचे, तळ्याचे, टेकडीचे दिवे बदलायचं टेंडर निघालं तर तीन-चार गोष्टी शोधा. रंग किती केल्विनचा मागितलाय? ३००० पेक्षा वर असेल तर निळा भाग जास्त, २२०० च्या आसपास असेल तर जुन्या सोडियमसारखा. दिव्याचं तोंड खाली आणि वरून झाकलेलं, असं लिहिलंय का? मंद करायची सोय आणि बंद करायची वेळ कुठे नमूद आहे? बहुतेक वेळा सापडेल ते फक्त खांबांची संख्या, वॅट आणि वॉरंटीची वर्षं. तसं असेल तर हरकत नोंदवायची मुदत असते, ती गाठा. मुदत गेली असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, प्रकाशरचनेचा आराखडा मागा. आणि मिळाला की इथे कमेंटमध्ये टाका, कुठल्या शहराचा ते लिहून. पुण्याच्या टेकड्यांचा कुणाकडे असेल तर तो आधी हवाय.